जुन्या जीपचे इंजिन : आधी ठिणगी, मग मिश्रण

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यानंतरची अनेक वर्षे गटविकास अधिकाऱ्यांच्या आगमनाची वर्दी गावाला मिळे ती जीपच्या आवाजाने. महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्यावर बनविलेल्या या जीपमध्ये ‘हरिकेन’ हे सुमारे २,२०० घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. एफ.सी.-१५० ही छोटी मालमोटारही याच इंजिनावर धावली. शासकीय सेवेतून ही वाहने केव्हाच निवृत्त झाली. तथापि काही शेतकऱ्यांच्या व हौशी मालकांच्या दारी ती अद्याप उभी आहेत. मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकविताना असे इंजिन फार उपयोगी पडते, कारण त्यात दडलेले असे काही नाही.

इंजिन अडखळू लागले की बहुतेकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरकडे जातो. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका गाडीचा कार्ब्युरेटर महिन्याभरात तीनदा उघडला गेला. दोष अखेर सापडला तो डिस्ट्रिब्युटरच्या झिजलेल्या पॉइंटांत! ठिणगी वेळेवर पडत नसेल तर मिश्रण कितीही जुळविले तरी ते व्यर्थ जाते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

ठिणगीची वेळ म्हणजे काय, हे एका हिशेबावरून ध्यानी येईल. मिनिटाला ६०० फेऱ्यांनी इंजिन संथ चालत असता एक फेरी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पुरी होते. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण मात्र पेटताक्षणी पूर्ण जळत नाही. त्याला थोडा अवधी लागतो. त्यामुळे दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या ५ अंश आधीच ठिणगी पाडावी लागते. हे ५ अंश म्हणजे सेकंदाचा जेमतेम सातशेवा भाग होय. वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरमधील वजने बाहेर फेकली जाऊन ठिणगी आपोआप आणखी आधी पडते.

प्रथम पॉइंटांमधील फट फिलर गेजने ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ठेवावी. प्लगची फट ०.०३० इंच असते. पॉइंटांची फट वाढली की ते लवकर उघडतात व टायमिंग बदलते. यास्तव फट आधी, टायमिंग नंतर. आता पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या धावेवर वर येत असता फ्लायव्हीलवरील, किंवा काही इंजिनांत पुढच्या पुलीवरील, ५ अंशांची खूण दर्शकासमोर आणावी. डिस्ट्रिब्युटरच्या तारेची जोडणी व इंजिनाचा धातू यांमध्ये एक लहान दिवा जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्युटर सावकाश वळविताना पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी दिवा लागतो. तेथेच तो घट्ट करावा. रोटर ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट वळविल्यास ठिणगी लवकर पडते, त्याच दिशेने वळविल्यास उशिरा. तारांचा क्रम १-३-४-२ असा आहे.

ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापते व चढावर दम सोडते. फार लवकर पडली तर घाटात टणटण ठोके ऐकू येतात, आणि हँडल मारून गाडी सुरू करताना ते उलटा झटका देते. या झटक्याने मनगट मोडू शकते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवण्याची जुन्या चालकांची सवय यातूनच आलेली आहे.

एवढे झाल्यावरच कार्ब्युरेटर. तत्पूर्वी हवेच्या गाळणीतील तेल बदलावे. आपल्याकडच्या धुळीच्या रस्त्यांवर त्याचा लवकरच चिखल होतो, हवा कोंडते व दोष मिश्रणाच्या माथी येतो. मग इंजिन चांगले तापवून बंद करावे. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून सुमारे दीड फेरा बाहेर घ्यावा. तो आवळू नये. त्याच्या निमुळत्या टोकावर चर पडला की तो स्क्रू निकामी झालाच म्हणून समजावे. इंजिन सुरू करून ज्या जागी ते सर्वांत वेगाने व एकसारखे चालते तेथे स्क्रू ठेवावा आणि थ्रॉटलच्या स्क्रूने वेग ६०० वर आणावा. हे काम उघड्यावरच करावे. बंद शेडमध्ये धुरातील कार्बन मोनॉक्साइड वास न येता प्राण घेतो.

मात्र हा स्क्रू केवळ संथ गतीचे मिश्रण ठरवितो. भार ओढताना पेट्रोल येते ते मुख्य जेटमधून, आणि त्याची परीक्षा प्लगच्या रंगावरून होते : बदामी असल्यास योग्य, काजळी असल्यास पेट्रोल जादा, पांढरट असल्यास हवा जादा. हल्ली या परीक्षेला वेगळेच महत्त्व आले आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने, जुन्या पेट्रोलसाठी कोरलेल्या जेटमधून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण विरळ होते. शिवाय जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्याने फुगतो किंवा तडकतो. प्लग पांढरा दिसू लागला तर मिश्रणाचा स्क्रू पिळत न बसता एक आकार मोठा मुख्य जेट बसवून पाहावा, आणि नळ्या व पडदा इथेनॉलला टिकणारे घ्यावेत.