तीन तिकिटं की पंधरा गुण?

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी लॅब्राडॉरचं पिल्लू घ्यायचं ठरवलं आहे. एक ब्रीडर म्हणाला, आई-बाप दोघंही 'चॅम्पियन' आहेत, म्हणून किंमत दीडपट. मला वाटत होतं, हिंद केसरीसारखा हा मानही वर्षाला एकालाच मिळत असेल. चौकशी केली तर ज्याच्या-त्याच्याकडे चॅम्पियन! हा किताब देतं कोण आणि कशाच्या जोरावर? तो देण्याच्या पद्धतीवरून कुत्रेवाल्यांत वाद आहेत म्हणे. त्यात बरोबर कोण? — एक वाचक, सांगली

उत्तर : वाद आहेत, आणि ते डॉग शोइतकेच जुने आहेत. पहिला रीतसर डॉग शो इंग्लंडात न्यूकॅसलला जून १८५९ मध्ये भरला. जाती दोनच, पॉइंटर आणि सेटर, दोन्ही शिकारी. बक्षीस बंदुकीचं. निकाल लागला तेव्हा सेटरमध्ये पहिला आलेला कुत्रा पॉइंटरच्या एका जजचा निघाला आणि पॉइंटरमध्ये पहिला आलेला सेटरच्या जजचा. यात लबाडीच होती असं म्हणवत नाही. चांगली कुत्री बाळगणारे आणि कुत्र्यातलं कळणारे त्या काळी तेच ते चार लोक होते. पण कुजबुज सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, तो बऱ्याच अंशी या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी.

आता तुमच्या केसरीबद्दल. तिथे गदा एक आणि मानकरी एक. डॉग शोतला 'चॅम्पियन' ही पदवी आहे. अटी पुऱ्या केल्या की मिळते, नावापुढे जन्मभर राहते, आणि वर्षाला किती जणांना मिळावी याला वरून बांध नाही. भांडण आहे ते अटींचं.

ब्रिटनची परंपरागत अट ऐकायला सोपी आहे. मोठ्या शोमध्ये एका जातीतल्या सर्वोत्तम नराला एक आणि सर्वोत्तम मादीला एक अशी 'चॅलेंज सर्टिफिकेट' मिळतात. कागदोपत्री ती 'सीसी', शोवाल्यांच्या बोलीत 'तिकीट'. तीन वेगवेगळ्या जजांकडून तीन तिकिटं, त्यातलं निदान एक कुत्रा वर्षाचा झाल्यानंतरचं, म्हणजे झाला चॅम्पियन. मेख दोन ठिकाणी आहे. पहिली अशी, की तिकीट देताना जजला लेखी सही करावी लागते, की हा कुत्रा चॅम्पियन म्हणवून घेण्याच्या लायकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तसं वाटत नसेल तर सगळ्यांत पहिला आलेल्यालाही तिकीट नाकारता येतं. दुसरी मेख म्हणजे आधीच चॅम्पियन झालेले कुत्रेही त्याच तिकिटासाठी रिंगणात उतरतात. नवख्याला त्यांना हरवूनच पुढे जावं लागतं.

अमेरिकेने ही दुसरी मेख काढून टाकली. तिथल्या अमेरिकन केनेल क्लबच्या पद्धतीत गुण साठवायचे असतात, एकूण पंधरा. एका शोमध्ये जास्तीत जास्त पाच, आणि ते किती मिळणार हे तुमच्या जातीतले किती कुत्रे तुम्ही मागे टाकलेत यावर ठरतं. तीन किंवा अधिक गुणांच्या विजयाला तिथे 'मेजर' म्हणतात. असे निदान दोन हवेत, तेही वेगवेगळ्या जजांकडून, आणि उरलेल्या गुणांत तिसरा एखादा जज आला पाहिजे. हे गुण बिनकिताबवाल्यांनी आपापसांत मिळवायचे. चॅम्पियन मंडळी 'स्पेशल्स' म्हणून बाजूला, ती नंतर जातीतल्या सर्वोत्तम कुत्र्याच्या निवडीला येतात.

ब्रिटिश लोक यावर नाक मुरडतात. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं त्यांचं थोडक्यात म्हणणं. दिग्गजांना बाजूला काढून उरलेल्यांत पहिला आलेला चॅम्पियन कसला? शिवाय गुण डोकी मोजून मिळतात म्हटल्यावर डोकी जमवणारेही निघतात. मेजरला दोन कुत्रे कमी पडत असतील तर मित्राला फोन करायचा, 'तुझी दोन आण, नुसती उभी कर.' आणि ऐन वेळी कुणी आपला कुत्रा मागे घेतला की मेजर मोडतो आणि मैत्रीही. हौशी मालकांची आणखी एक तक्रार असते. पगारी हँडलर एका दिवसात दहा-दहा कुत्रे रिंगणात फिरवतो, जजांना तो ओळखीचा असतो, आणि नजर दोरीच्या खालच्या टोकापेक्षा वरच्या टोकाकडे जास्त जाते.

आता अमेरिकनांचं उत्तर ऐका, ते काही लेचंपेचं नाही. ब्रिटनमध्ये एका चाऊ चाऊने ७८ तिकिटं जिंकली. यू'क्वाँग किंग सॉलोमन हे त्याचं नाव, १९७० च्या दशकातला कुत्रा. किताबाला हवी होती तीन. उरलेल्या ७५ शोमध्ये दुसरा एखादा चांगला चाऊ नर रिकाम्या हाताने घरी गेला. कुत्र्याची उमेदीची वर्षं किती? चार, फार तर पाच. एखाद्या जातीत असा महारथी त्याच काळात निपजला तर त्याच्या पिढीतले चांगले नर बिनकिताबाचे म्हातारे होतात. त्यांचा दोष काय, तर चुकीच्या वर्षी जन्मले! भरीला, कुठल्या जातीला वर्षाकाठी किती तिकिटं मिळणार हे केनेल क्लब ठरवतो. मोजकीच कुत्री असलेल्या काही जातींच्या वाट्याला ती आलीच नाहीत.

युरोपात तिसरा मार्ग आहे, आणि मला तो सर्वांत शहाणा वाटतो, निदान सुरुवातीपुरता. एफसीआय ही १९११ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना, मुख्यालय बेल्जियममध्ये. तिच्या पद्धतीत जज आधी प्रत्येक कुत्र्याला एकेकट्याला जोखतो आणि दर्जा देतो : उत्कृष्ट, फार चांगला, चांगला, असा खाली उतरत. बहुतेक ठिकाणी सोबत चार ओळींचा लेखी शेराही मिळतो. क्रमांक त्यानंतर. म्हणजे पहिला आलेला कुत्रा 'उत्कृष्ट' नसेल तर ते कागदावर दिसतं. आंतरराष्ट्रीय चॅम्पियन व्हायला सामान्यतः तीन देशांत, तीन जजांकडून चार प्रमाणपत्रं लागतात, आणि पहिल्या व शेवटच्यात किमान एक वर्ष एक दिवस गेलेला असावा लागतो. हा एक दिवसाचा हिशेब कारकुनी वाटतो, पण त्यामागे डोकं आहे. ऐन भरातल्या दोन महिन्यांत किताब गुंडाळून मोकळं होता येत नाही. वर्षभरानंतरही कुत्रा तसाच उभा राहिला पाहिजे.

अमेरिकेनेही पुढे आपल्या 'स्वस्त' किताबावर इलाज काढला. २०१० पासून तिथे 'ग्रँड चॅम्पियन' आला. चॅम्पियन झालेल्यांनी पुढे आपसांत झुंजून आणखी २५ गुण मिळवायचे. कल्पना चांगली होती. पण मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी चढती माळ लागली, प्लॅटिनमला ८०० गुण. आता ही स्पर्धा कुत्र्यांची राहते की मालकाच्या पेट्रोलची आणि हँडलरच्या बिलाची, तुम्हीच ठरवा.

बरोबर कोण, या प्रश्नाचं माझं उत्तर : जुन्या चॅम्पियनना बाजूला ठेवण्यात अमेरिका बरोबर, आणि जजला नकाराचा अधिकार देण्यात ब्रिटन बरोबर. या दोन गोष्टींचं एकमेकींशी वाकडं नाही. गुणांची गंमत अशी, की ते साचत जातात. पुरेशा शोमध्ये पुरेसे पैसे खर्च केले तर मध्यम कुत्राही एक दिवस पंधरापर्यंत पोचतो. तिकीट साचत नाही, कुणा एका जाणकाराला आपल्या सहीने त्याची जबाबदारी घ्यावी लागते. अडचण एवढीच, की नाकारण्याचा अधिकार असूनही जज तो क्वचितच वापरतात. पहिल्या आलेल्याला सर्वांदेखत 'नाही' म्हणायचं आणि पुढच्या महिन्यात त्याच मालकासमोर आपला कुत्रा घेऊन उभं राहायचं, याला धैर्य लागतं.

आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया चेन्नईतून कारभार पाहतो. तो एफसीआयशी जोडलेला आहे आणि तिकिटांची पद्धत ब्रिटिशांकडून आलेली. तेव्हा त्या ब्रीडरकडे आई-बापांची केनेल क्लबची वंशावळ मागा, किताब तिच्यात नोंदलेला असतो. मायक्रोचिपचा क्रमांक कुत्र्याशी ताडून पाहा. 'चॅम्पियन ब्लडलाइन' एवढंच ऐकवलं तर समजा की पणजोबा चॅम्पियन होते. आणि लॅब्राडॉर घेताय, तर किताबाच्याही आधी आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा.

प्रश्न : बुलडॉगला चार पावलं चालून धाप लागते. तरी तो चॅम्पियन होतो. जजांना दिसत नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दिसतं. पण जज कुत्रा मोजतो तो त्या जातीच्या लेखी वर्णनाशी, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या वर्णनाचा अर्थ ताणला गेला. नाक आखूड हवं, तर अजून आखूड चांगलं. कातडी सैल हवी, तर अजून सैल चांगली. ताणणाऱ्याला किताब मिळत गेला, आणि किताब मिळालेल्या नराकडे माद्यांची रांग लागते. मादीच्या आयुष्यात वेतं मोजकी होतात. गाजलेला नर मात्र शेकडो पिल्लांचा बाप होऊ शकतो. त्याचा दोष मग जातीभर पसरतो. म्हणून चॅम्पियन कोण हा प्रश्न चषक ठेवण्याच्या कपाटापुरता राहत नाही.

२००८ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीने या विषयावर माहितीपट दाखवला आणि ब्रिटनमध्ये गहजब झाला. पुढच्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स हा तिथला सर्वांत प्रतिष्ठेचा शो दाखवलाच नाही. केनेल क्लबने जातींची वर्णनं तपासायला घेतली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये १५ नाजूक जातींसाठी नवा नियम लागू झाला : जातीत सर्वोत्तम ठरलेल्या कुत्र्याला स्वतंत्र पशुवैद्य तपासणार, आणि तो नापास झाला तर पुढच्या फेरीत जाणार नाही. सहा जाती अडकल्या. बुलडॉग, पेकिनीज, मास्टिफ, निओपोलिटन मास्टिफ, बॅसेट हाउंड आणि क्लंबर स्पॅनियल. मालक संतापले. जजने निवडलेला कुत्रा डॉक्टरने बाद करायचा, तर मग जज कशाला? त्यांनी निषेधासाठी वेगळी संघटनाही काढली.

त्यांच्या एका मुद्द्यात तथ्य होतं. तपासणी फक्त पंधराच जातींची का? क्लंबर स्पॅनियलच्या डोळ्यांकडे पाहायचं आणि बाकी शंभरांवर जातींना मोकळं सोडायचं, हे न्यायाला धरून नाही. पण त्यावरचा इलाज तपासणी बंद करणं हा नव्हे, ती सगळ्यांना लावणं हा आहे. ब्रिटनमध्ये आता सर्वांत जोखमीच्या गटातल्या जातींचा किताब पशुवैद्याने हिरवा कंदील दाखवल्यावरच पक्का होतो. हा नियम प्रत्येक जातीला, प्रत्येक देशात हवा. तिकिटं की गुण, हा वाद त्यापुढे दुय्यम आहे.

प्रश्न : आमच्याकडे लातूर भागात कारवान कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना चॅम्पियन होता येतं का? करावं का? — एक वाचक, उदगीर

उत्तर : होता येतं. केनेल क्लब ऑफ इंडियाने ही जात 'कारवान हाउंड' म्हणून मान्य केलेली आहे. मुधोळ हाउंड म्हणतात तोही याच घराण्यातला, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता.

करावं का, याचं उत्तर देताना शिकारी कुत्र्यांचं काय झालं ते सांगायला हवं. ब्रिटनमध्ये शिकारी स्पॅनियल, सेटर, रिट्रीव्हर यांना तीन तिकिटं मिळवूनही पुरा 'चॅम्पियन' किताब मिळत नाही, 'शो चॅम्पियन' म्हणतात. 'शो' हा शब्द गळायचा तर रानात काम करून दाखवावं लागतं. अट चांगली आहे, पण बहुतेकांनी 'शो' वरच समाधान मानलं. परिणामी एकाच जातीत दोन जाती झाल्या. रिंगणातला लॅब्राडॉर भारदस्त आणि जड, रानातला सडपातळ आणि चपळ. दोन्हीकडे चॅम्पियन होणारे कुत्रे संपत आले. लॅब्राडॉरमध्ये ब्रिटनचा शेवटचा दुहेरी चॅम्पियन नेथ बँजो, तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला.

कारवानचं सगळं रूप धावण्यातून आलेलं आहे. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. रिंगणात तो दोरीला बांधून दुडक्या चालीने दोन फेऱ्या मारतो. तेवढ्यावर किताब मिळू लागला तर दोन-चार दशकांत देखणा कारवान उरेल आणि धावणारा जाईल. सशामागे सोडून परीक्षा घेता येणार नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पण त्याची गरजही नाही. अमेरिकेत ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींसाठी यंत्राने ओढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीमागे धावण्याच्या चाचण्या होतात आणि त्यांचे स्वतंत्र किताब आहेत. एक मोटर, काही कप्प्या, लांब दोरी आणि मोकळं माळरान एवढ्यावर ते भागतं. यातलं महाग काहीच नाही, आणि माळरान तर तुमच्याकडे आहेच. तेव्हा कुत्री जरूर नोंदवा, शोला जरूर न्या. पण कारवानवाले चार जण एकत्र येऊन केनेल क्लबला आत्ताच पत्र लिहा, की आमच्या जातीला धाव दाखवल्याशिवाय किताब देऊ नका.