‘गोडाऊन’ : एका ‘इंग्रजी’ शब्दाचे कूळ

रायपूर शहरात रेल्वेमार्गापलीकडे असलेला गुढियारी हा भाग घाऊक किराणा व्यापारासाठी ओळखला जातो. अशा बाजारपेठेत माल साठविण्याच्या जागेसाठी दोन शब्द कानी पडतात : ‘गोदाम’ आणि ‘गोडाऊन’. यांपैकी दुसरा मूळ इंग्रजी आणि पहिला (मराठीत ‘गुदाम’ही) त्याचा देशी अपभ्रंश, असे आपण सहसा गृहीत धरतो. प्रस्तुत टिपणात हे गृहीत तपासावयाचे आहे.

प्रथम अर्थ पाहू. इंग्लंडमधील नित्य व्यवहारात या अर्थी ‘वेअरहाऊस’ हा शब्द रूढ आहे. ‘गोडाऊन’ वावरला तो हिंदुस्थानापासून सिंगापूर, हाँगकाँगपर्यंतच्या व्यापारी इंग्रजीत. म्हणजे तो इंग्रजीत आला तो आशियात. त्याची ‘गो’ आणि ‘डाऊन’ अशी फोड करून ‘खाली उतरून जाण्याची जागा’ असा अर्थ सांगितला जातो. आपल्याकडे धान्याचे पेव जमिनीखालीच असते, त्यामुळे ही उपपत्ती पटण्याजोगीही वाटते. पण ती केवळ लोकव्युत्पत्ती होय. अपरिचित शब्दाला परिचित शब्दांचा पोशाख चढविला गेला, इतकेच.

यूल व बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हा शब्द मलय ‘गुदंग’शी जोडला असून, त्याच्याही मागे तमिळ ‘किडंगु’ व तेलुगू ‘गिड्डंगी’ ही रूपे दाखविली आहेत. तमिळमध्ये ‘किड’ म्हणजे पडून असणे. ‘किडंगु’ म्हणजे माल पडून राहतो ती जागा. पोर्तुगीज दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी त्याचे ‘गुदांव’ असे अनुनासिकान्त रूप केले. इंग्रज या समुद्रात त्यांच्यानंतर आले.

येथे ध्वनींची साक्ष उपयोगी पडते. इंग्रजीतील ‘ड’ मराठी कानाला मूर्धन्य वाटतो : डॉक्टर, डेपो. पोर्तुगिजांकडून आलेल्या ‘पादरी’, ‘बालदी’ या शब्दांत मात्र ‘द’ दन्त्य राहिला. (‘बटाटा’ या शब्दात ‘त’चा ‘ट’ झाला, हा अपवाद ध्यानात ठेवावा.) शब्दान्तही पाहावा. लिलावाच्या पोर्तुगीज शब्दाचा अन्त्य अनुनासिक मराठीत ‘व’ झाला, तर हिंदी ‘नीलाम’मध्ये ‘म’. ‘गुदाम’मधील ‘द’ आणि ‘म’ हे दोन्ही ध्वनी या वाटेशी जुळतात. इंग्रजी ‘-डाऊन’पासून ते सहजी निघत नाहीत. म-कारान्त रूप मराठीत शेजारच्या भाषांतूनही आले असू शकेल; पण त्यासाठी इंग्रजीची मध्यस्थी मानण्याचे कारण नाही. तेव्हा ‘गुदाम’ हा ‘गोडाऊन’चा अपभ्रंश नव्हे, तो त्याचा भाऊबंद होय. ‘गोडाऊन’ हे त्याच कुळातले, इंग्रजीत जाऊन परतलेले रूप.

या शब्दाच्या आगमनाने मराठीतील जुने शब्द नाहीसे झाले नाहीत. त्यांची क्षेत्रे वेगळी राहिली. कणगी शेतकऱ्याच्या घरची, कोठार संस्थानाचे वा देवस्थानाचे, वखार लाकडाची किंवा कोळशाची. इतिहासलेखनात इंग्रजांची राजापूरची ‘फॅक्टरी’ ही वखारच होय, कारण तेथे कारखाना नव्हे, तर व्यापारी अडत्यांचे ठाणे होते. राज्याच्या वखार महामंडळाने तो शब्द शासनव्यवहारातही जागता ठेवला आहे.

कोशकार ‘गोडाऊन’पुढे नुसते ‘इं.’ लिहितो, तेव्हा तो शेवटचा सावकार तेवढा नोंदवितो. तमिळ-तेलुगू किनारा, मलय बंदरे आणि पोर्तुगीज गलबते ही सारी वाट त्या एका अक्षरामागे लपते, आणि आपण स्वतःच्याच शेजाऱ्याचे ऋण परक्याच्या खाती मांडून बसतो. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात इंग्रजीला सर्वत्र दात्याचे स्थान देण्यापूर्वी दर शब्दाची वाट अशी उलट दिशेने चालून पाहिली पाहिजे. शुद्ध-अशुद्धाचा, स्वकीय-परकीयाचा निवाडा त्यानंतरचा.