हवा परत फिरायला टपलेली असते

पोरी, इंजिन शॉपला लागतेस तर थोडं ऐकून जा. मॅन्युअल तिथे पाठ करून घेतीलच.

जेट इंजिनाचा कॉम्प्रेसर हवेला तिच्या मनाविरुद्ध चढावर रेटतो. तोंडाशी दाब कमी, आत जास्त. म्हणजे ती सतत तोंडाकडे परत फिरायला टपलेली. फिरतं ब्लेड तिला वेग देतं, मागचा स्थिर स्टेटर त्या वेगाचा दाब करतो, की पुढची स्टेज. अमेरिकन जे-७९ इंजिनात अशा १७ स्टेज एकाच शाफ्टवर, दाब सुमारे १३ पट. आपल्या जुन्या मिग-२१ च्या आर-११ मध्ये सहाच, तीन-तीन दोन शाफ्टवर. हवा दबते तशी वाट अरुंद होते, म्हणून मागची ब्लेडं चिमुकली. त्यांना कमी लेखू नकोस.

इनटेकमध्ये शिरताना खिसे रिकामे. केसातली पिनसुद्धा बाहेर. टॉर्च, आरसा मोजून आत, मोजून बाहेर. आणि ब्लेड नुसतं बघू नकोस, पुढच्या धारेवरून नख फिरव. नख अडलं की थांब. टोकाजवळची खाच एक वेळ मर्यादेत बसेल, मुळाजवळची सहसा नाही. फिरताना सगळी ओढ मुळावर येते, तडा तिथूनच धावतो. घासायची परवानगी मिळालीच तर शेवटचा हात ब्लेडच्या लांबीनेच फिरव. आडवी रेघ राहिली तर तीच नवी खाच.

कमी फेऱ्यांवर पुढच्या स्टेज ओढतात तेवढी हवा मागच्यांना गिळवत नाही. त्यासाठी कुठे जादा हवा बाहेर सोडणारा ब्लीड व्हॉल्व्ह, कुठे दोन शाफ्ट, तर जे-७९ मध्ये पुढचे स्टेटरच कोन बदलतात. अशा इंजिनात स्टेटरच्या जोडकाड्या हाताने हलवून ढिलाई बघायची. त्यात आळस सर्रास दिसतो.

थ्रॉटल दांडगाईने ढकललास तर आतला दाब एकदम चढतो, ब्लेडवरची हवा सुटते आणि उलटी येते. हाच सर्ज. धाडकन आवाज, फेऱ्या अडकलेल्या, ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) वर. कारण नंतर शोध, आधी थ्रॉटल मागे घे.

दाबोळीसारख्या किनाऱ्यावर ब्लेडांवर मीठ बसतं; तेवढ्याच जोराला ईजीटी जास्त दिसू लागते. धुवायचं ते थंड इंजिन, स्टार्टरवर फिरवत, क्षार काढलेल्या पाण्याने. मग चालवून आतून वाळव. नळाच्या पाण्यावर काम उरकणारे भेटतील; त्यांच्या नोंदीखाली सही करू नकोस.