घरचे टोमॅटो: बियांपासून ताटापर्यंत

मिरजेला आमच्या परसात टोमॅटो आपोआप उगवत. त्याच भरवशावर लेस्टरला घर घेतल्यावर मी बियांपासून केलेली बारा रोपे एप्रिलच्या एका उबदार रविवारी बागेत लावली. तिसऱ्या रात्री फ्रॉस्ट पडला. सकाळी सगळी काळी! आई तेव्हा इथेच होती. म्हणाली, "अरे, पेशंटला पथ्य सांगतोस, रोपांना नको?" तेव्हापासूनचे माझे पथ्यपाणी असे:

१. 'गार्डनर्स डिलाइट'सारखे बी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात घरातच, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. २० अंशांच्या आसपास ऊब मिळाली की आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो.

२. कुंडी भरपूर उजेडाच्या खिडकीत ठेवावी. पाणी बेताचेच; अति पाण्याने कोवळी रोपे बुंध्याशी कुजतात.

३. पहिली खरी पाने फुटली की प्रत्येक रोप पानाला धरून (देठाला नव्हे!) वेगळ्या कुंडीत लावावे.

४. मे महिन्याच्या उत्तरार्धात आठ-दहा दिवस रोपे दिवसा बाहेर, रात्री आत ठेवावीत. फ्रॉस्टची भीती संपल्यावर, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बागेत काठीच्या आधाराने लावावीत.

५. पानांच्या बगलेतले फुटवे खुडावेत. पहिला घोस धरला की पोटॅशयुक्त खत द्यावे.

सप्टेंबर सरताना थोडी फळे हिरवीच राहतात. त्यांची आम्ही तीळ, दाण्याचे कूट आणि हिरवी मिरची घालून चटणी करतो. आई आता नाही. चटणी मात्र तिच्याच हातची वाटते. येत्या मार्चमध्ये आपणही चार बिया पेरून पाहा. फक्त घाई करू नका.