फुलात मध नाही, तरी भुंगा तरवडाकडे का जातो?

प्रश्न : आमच्याकडे माळावर, बांधावर आणि आता नगर-आष्टी रेल्वेच्या कडेनंही तरवड माजलेलं दिसतं. पाऊस ओढ देतो तेव्हाही फुलतं. नवरात्रात घटाला याच फुलांची माळ घालतो. फुलात मध नसतो म्हणतात, मग काळे भुंगे त्यावर एवढे का घोंगावतात? आणि बांधावरचं तरवड ठेवावं की काढावं?
— एक वाचक, कडा (ता. आष्टी, जि. बीड)

उत्तर : मध नसतो हे खरं आहे. भुंगा येतो तो परागासाठी, आणि तोही त्याला फुकट मिळत नाही.

उमललेलं एक फूल हातात घ्या. पाच पिवळ्याधमक पाकळ्या, कडा किंचित चुणीदार. मधोमध दहा पुंकेसर, पण सगळे सारखे नाहीत. वरचे तीन खुरटलेले, त्यांत पराग धरत नाही. मधले आखूड, खालचे लांब आणि पुढे वाकलेले. आता परागकोश निरखा. त्यांना उभी फट पडत नाही. टोकाला बारीक छिद्र असतं आणि पराग आत कोंडलेला. भुंगा पुंकेसरांना घट्ट धरतो, पंखांची उघडझाप थांबवतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. मिठाची डबी हलवल्यासारखा पराग छिद्रांतून बाहेर पडतो. हा आवाज उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढ्या पट्टीतला असतो. सकाळी झुडपाशी शांत उभं राहा, फरक लगेच कळेल.

आखूड पुंकेसरांतला पराग तो पिल्लांसाठी गोळा करतो. लांब पुंकेसरांतला मात्र त्याच्या अंगावर अशा जागी चिकटतो, जिथे पाय सहज पोचत नाहीत, आणि पुढच्या फुलाची कुक्षी नेमकी तिथेच टेकते. कुक्षीचा दांडाही सरळ नसतो. एकाच झुडपावर काही फुलांत तो डावीकडे वळलेला दिसेल, काहींत उजवीकडे. मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती सांडलेलं वेचते. टोमॅटो-वांग्याच्या फुलांनाही अशीच हलवाहलव मानवते, म्हणून भाजीपाला करणाऱ्यानं भुंग्याला शेजारी ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

तरवडाचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. लिनियसनं १७५३ साली ते कॅसिया प्रजातीत घातलं होतं. सेन्नातलं नाव रॉक्सबर्गच्या, १८३२ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथातलं. टाकळ्याशी गल्लत होते, पण टाकळा पावसाळी रोप आहे आणि त्याच्या पानाला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात. तरवड बहुवर्षायू झुडूप, पानाला बहुधा आठ ते बारा जोड्या, आणि देठाच्या बुडाशी दोन रुंद, गोलसर उपपर्णं. तेवढी पाहिलीत तरी ओळख पक्की. शेंगा चपट्या, वाळल्यावर कागदासारख्या.

सालीत टॅनिन भरपूर. गावोगावी कातडी कमावायला तरवडाची साल वापरत; पुढे वॅटलची साल आणि क्रोमियमचे क्षार आल्यावर तिची मागणी ओसरली. जनावरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून चराईच्या माळावरही ते टिकतं.

बांधावर ठेवावंच. पण ते शेंगवर्गीय आहे म्हणून जमिनीला नत्र देईल, असं कुणी सांगितलं तर मानू नका. हरभऱ्यासारख्या गाठी त्याच्या मुळांवर येत नाहीत. पाला मात्र हिरवळीच्या खताला चालतो, मुळं बांधाची माती धरतात, आणि काही पांढरट-पिवळी फुलपाखरं याच्या पानांवर अंडी घालतात. शेजाऱ्याची हरकत असेल तर बुडखा खणू नका, फांद्या छाटा, पुन्हा फुटतं. नवीन लावायचं असेल तर बियांचं कवच टणक असतं, ते खरखरीत दगडावर हलकेच घासा आणि मृगाच्या पावसात बिया जागेवरच टोका.