निवृत्त सर्व्हर खेळाच्या मैदानात

मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर काही वर्षांनी बदलतात. हमीची मुदत संपते, नवी यंत्रे येतात आणि चालू स्थितीतील जुनी यंत्रे मूळ किमतीच्या थोड्याशा अंशाला बाजारात मिळू लागतात. असे एखादे यंत्र घरी आणावे व त्यावर मित्रांसाठी माइनक्राफ्टचे जग चालवावे, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. कल्पना चांगली आहे. पण पैसे मोजण्यापूर्वी थोडे गणित करू या.

खेळात सर्व्हर काय करतो? चित्रे काढणे हे त्याचे काम नव्हे. ती प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या संगणकावर तयार होतात. सर्व्हर फक्त हिशेब ठेवतो. कोण कोठे आहे, कोणी कोणता ठोकळा फोडला, एकाच वस्तूवर दोघांनी हात टाकला तर ती कोणाला मिळाली, हे तो ठरवतो. हा हिशेब माइनक्राफ्टमध्ये सेकंदाला २० वेळा होतो. म्हणजे जगाच्या प्रत्येक पावलाला ५० मिलिसेकंद मिळतात. पावलाला ८० मिलिसेकंद लागू लागले तर सेकंदाला साडेबाराच पावले पडतील, आणि खेळातील १० सेकंदांना खरे १६ सेकंद लागतील. सगळे जगच रेंगाळू लागेल.

आता २०१२ साली आलेला डेलचा पॉवरएज आर-७२० हा सर्व्हर घ्या. त्यात झिऑन ई५-२६७० जातीचे दोन प्रोसेसर बसवता येतात. प्रत्येकात ८ कोअर, म्हणजे एकूण १६. ठोका २.६ गिगाहर्ट्झचा. ५० मिलिसेकंदांत एका कोअरला १३ कोटी ठोके मिळतात. मग १६ कोअरना मिळून २०८ कोटी, असे तुम्ही म्हणाल. इथेच फसगत होते! आधी भिंत फुटली की आधी बाण लागला, हा क्रम महत्त्वाचा असल्यामुळे या जगाचा मुख्य हिशेब एकाच कोअरवर चालतो. नवा प्रदेश तयार करण्यासारखी काही कामे इतरांकडे जातात, एवढेच. कबड्डीच्या एका सामन्याला १६ गुणलेखक बसवले म्हणून सामना लवकर संपत नाही. पाच-सहा मित्रांच्या एका जगासाठी, अधिक वेगवान ठोक्याचा एखादा नवा साधा संगणक या भारदस्त यंत्राला सहज मागे टाकतो.

पण मैदानेच अनेक असतील तर? शाळेच्या प्रत्येक वर्गाचे वेगळे जग चालवायचे असेल, तर हेच १६ कोअर खरोखर कामी येतात. शिवाय अशा यंत्रातील मेमरी एखादा बिट चुकून उलटला तर तो ओळखून दुरुस्त करते. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या यंत्राला हा गुण मोलाचा आहे. आणखी एक फायदा अंतराचा. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ६००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन येण्यासच त्याला ६० मिलिसेकंद लागतात. शेजारच्या खोलीतील सर्व्हरला हे अंतर नाहीच.

आता विजेचे पाहू. हे तुम्ही घरीच मोजू शकता. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर लिहिलेले असते. समजा, आकडा ३२०० आहे. घरातील बाकी उपकरणे बंद ठेवून फक्त सर्व्हर चालू करा. मीटरला हात न लावता मिनिटभर दिवा मोजा. तो ८ वेळा लुकलुकला, तर तासाला ४८० वेळा, म्हणजे ०.१५ युनिट; अर्थात शक्ती १५० वॉट. दोन प्रोसेसरच्या जुन्या यंत्राला हा आकडा नवलाचा नाही, आणि तोही कोणी खेळत नसताना. अहोरात्र चालवल्यास दिवसाला ३.६ व ३० दिवसांत १०८ युनिटे होतात. महाराष्ट्रात घरगुती वीजदराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. म्हणजे घरातील पंखे-दिव्यांची वीजही बऱ्याच अंशी वरच्या दरात जाईल. वडिलांना बिल दाखवण्यापूर्वी हे सांगून ठेवलेले बरे.

हे सारे १५० वॉट शेवटी उष्णतेच्या रूपाने खोलीतच येतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. तेव्हा खोलीत दीड माणूस कायमचा बसवल्यासारखे होते. चपट्या पेटीत मोठा पंखा मावत नाही. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलण्यासाठी फार वेगाने फिरावे लागते आणि तो चांगलाच कर्कश वाजतो. अभ्यासाच्या खोलीत हे यंत्र ठेवू नये.

सर्वांनी मिळून खेळण्याची वेळ ठरवून घेतली आणि यंत्र रोज ४ तासच चालवले, तर १०८ च्या जागी महिन्याला १८ युनिटे लागतील.