बुद्धिमापन आणि व्रात्य मूल

वर्गांत भांडणारा, शाळा चुकविणारा, गुरुजींस उलट उत्तर देणारा मुलगा बुद्धीनेंही मंदच असावयाचा, असा समज पुष्कळ पालकांत रूढ आहे. त्याची पारख करण्याचें एक साधन म्हणजे बुद्धिमापन.

पॅरिस येथें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं १९०५ सालीं चढत्या काठिण्याच्या तीस कसोट्या रचल्या. कोणत्या मुलांस शिक्षणांत विशेष साहाय्य हवें तें कळावें, एवढाच त्यांचा हेतु होता. मानसिक वयास प्रत्यक्ष वयानें भागून शंभरानें गुणण्याची रीत मागाहून आली. चौदा वर्षांच्या मुलानें साडेदहा वर्षांच्या मुलाइतकींच उत्तरें दिलीं, तर बुद्ध्यंक ७५. (हल्लीं समवयस्कांच्या सरासरीशीं तुलना करून हा अंक काढतात.) धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं या कसोट्या मराठी व कानडी मुलांकरितां सिद्ध केल्या. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला.

आतां डहाणू-तलासरीकडील एखादा वारली मुलगा घ्या. घरीं वारली बोली, शाळेंत पुस्तकी मराठी. शिवाय मायबाप पावसाळा सरल्यावर वीटभट्टीवर गेले कीं शाळा तुटते. अनोळखी परीक्षकानें ग्रांथिक भाषेंत प्रश्न केला, तर तो गप्प राहतो, आणि गप्प राहिल्यास गुण मिळत नाहींत. त्यांत मूल रागीट वा चंचल असेल, तर तें पहिलें सुचेल तें उत्तर देऊन मोकळें होतें! अशा वेळीं मोजली जाते ती बुद्धि कीं भीति?

म्हणून रंगीत ठोकळे जुळविणें, आकृति पुरी करणें अशा कृतिकसोट्याही देतात. समजा, शाब्दिक भागांत ७० व कृतिभागांत १०० आले. दोहोंची सरासरी काढून मुलास मंद ठरविणें हा माझ्या मतें शुद्ध अन्याय होय. इतकें अंतर दिसल्यास त्याची भाषा, हजेरी व घरची स्थिति तपासली पाहिजे; कान व डोळे तर कसोटीपूर्वींच.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आरंभिलेलें बालशिक्षणाचें कार्य १९५७ सालीं कोसबाडास गेलें. तेथें गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं कुरणांतच शाळा भरविली.

पाल्याची अशी परीक्षा होणार असेल, तर ती कोणत्या भाषेंत होणार, घरची बोली जाणणारें कोणी जवळ असेल काय, आणि नुसता एक अंक न देतां प्रत्येक भागाचे गुण निराळे सांगतील काय, हें पालकांनीं अवश्य विचारावें.